रस्त्यामागे निघालेला मेंढा

९७ टनांचा काँक्रीटचा मेंढा. तो उचलला आणि ८०० मीटर पलीकडे नेऊन उभा केला! ऑस्ट्रेलियातल्या गोलबर्न गावात २६ मे २००७ रोजी हे खरोखर घडलं.

सिडनीहून मेलबर्नच्या वाटेला लागलं की साधारण दोनशे किलोमीटरवर गोलबर्न येतं. भोवती गवताळ माळ आणि त्यावर चरणाऱ्या मेरिनो मेंढ्या. ही जात मूळची स्पेनची. १७९७ साली ती ऑस्ट्रेलियात पोचली आणि पुढे तिच्या लोकरीवर अख्खा देश सधन झाला. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ, घोंगडीसाठी उत्तम. मेरिनोचा तंतू मात्र माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक; उघड्या अंगालाही तो टोचत नाही.

या लोकरीच्या अभिमानापोटी १९८५ साली गावात हा मेंढा उभा राहिला. उंची १५.२ मीटर, लांबी १८ मीटर. अटिला आणि लुई मोकानी या भावांनी तो बांधला. नमुना म्हणून रॅम्बो नावाचा तिथलाच एक खराखुरा एडका घेतला होता. वळसेदार शिंगं, मानेवर वळ्या पडलेली जाड कातडी, सगळं काँक्रीटमध्ये उतरवलेलं. पोटात तीन मजले: खाली दुकान, वर लोकरीच्या इतिहासाचं दालन आणि थेट डोक्यात सज्जा. तिथे चढून गेलं की मेंढ्याच्या डोळ्यांतून गाव दिसायचं!

पण एवढा मोठा कशासाठी? मला याचं उत्तर वेगात सापडतं. ताशी ११० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात तीस मीटर कापते. खऱ्या मापाचा मेंढा दिसेदिसेपर्यंत मागे पडला असता. वाहनचालकाला तो लांबून दिसायला हवा, मुलांनी ‘थांबा, थांबा’ म्हणायला हवं आणि गाडी वळवायला वेळही उरायला हवा. म्हणजे ही उंची ठरवली ती रस्त्यानेच.

म्हणूनच १९९२ साली ह्यूम महामार्गाचा बायपास झाला तेव्हा मेंढ्याची पंचाईत झाली. गाड्या गावाबाहेरून जाऊ लागल्या, पर्यटक रोडावले. अखेर मेंढाच नव्या महामार्गाच्या फाट्याजवळ हलवला. एरवी गाव रस्त्याकडे सरकतं ते टपरी-टपरीने, वर्षानुवर्षं. इथे गावाची ओळखच एकसंध उचलून नेली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अशा शिल्पांना ऑस्ट्रेलियात ‘बिग थिंग्ज’ म्हणतात आणि माणसं त्यांच्यासाठी भांडतातही. बॅलिना गावातली अवाढव्य कोळंबीही मोकानींच्याच हातची. २००९ मध्ये ती पाडायला परवानगी मिळाली, तेव्हा लोकांनी विरोध केला. कोळंबी वाचली. २०१३ साली तिची डागडुजी झाली आणि आधी नसलेली शेपटीही तिला बसवली.