मौदा ते नागपूर: थोड्या पैशात, निर्धास्त प्रवास

नागपूरला एकटीनं जायचं म्हटलं की घरात हमखास दोन प्रश्न येतात. पैसे किती लागतील आणि परत कधी येशील? तिसरा प्रश्न मात्र कुणी तोंडानं विचारत नाही: गर्दीत काही भलतंसलतं झालं तर? आणि खरं सांगायचं तर कुणाची नोकरी, कुणाचा शिवणाचा क्लास किंवा कुणाची बी.एड.ची फी भरायची राहते, ती बहुधा या तिसऱ्या प्रश्नापायीच. म्हणून मैत्रिणींनो, या तिन्ही प्रश्नांचा आज नीट विचार करू या.

मौदा ते नागपूर अंतर सुमारे ३५ किलोमीटर. भंडारा रोडवरून एस.टी. जाते. रस्ता सरळ आहे. अडचण सुरू होते ती शहराच्या तोंडाशी, पारडीपासून पुढे.

अर्ध्या तिकिटाचा हिशेब

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सगळ्या गाड्यांत महिलांना भाड्यात निम्मी सवलत आहे. तिकीट हातात घेतल्यावर ते बरोबर निम्मं दिसत नाही, म्हणून काही जणी कंडक्टरशी वाद घालतात. पण सवलत मूळ भाड्यावर असते. अपघात सहाय्यता निधीचा रुपया-दोन रुपये आणि वातानुकूलित गाडी असेल तर तिचा कर वेगळा लागतो. उगाच भांडण नको.

आता पासाचं पाहू. एस.टी.चा नेहमीचा मासिक पास म्हणजे वीस दिवसांचं पूर्ण भाडं भरायचं आणि तीस दिवस फिरायचं. पुरुषांना तो परवडतो. आपल्याला? हिशेबासाठी एका वेळचं पूर्ण भाडं ६० रुपये धरा. जाऊन-येऊन १२०. पासाला लागतील वीस दिवसांचे २४०० रुपये. तुम्ही महिन्यातून पंचवीस दिवस अर्ध्या तिकिटानं गेलात, तर लागतील १५०० आणि वर निधीची किरकोळ रक्कम. म्हणजे रोजचं तिकीटच स्वस्त पडतं! यजमानांनी पास काढला म्हणून आपणही काढायचा, असं करू नका. आधी कागदावर आकडे मांडा.

सासूबाई पंच्याहत्तरी ओलांडलेल्या असतील तर ऑगस्ट २०२२ पासून त्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. फक्त वयाचा दाखला, म्हणजे आधार कार्ड, जवळ हवं. आणि एक ध्यानात ठेवा. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, आणि एस.टी.तच. महापालिकेची 'आपली बस' किंवा मेट्रो यांचे नियम वेगळे.

पारडी की गणेशपेठ?

सकाळच्या वेळी शहरात शिरल्यावर गाडी मुंगीच्या पावलानं चालते. गणेशपेठच्या बसस्थानकापर्यंत बसून राहायचं की आधी उतरायचं, हे तुमचं काम कुठं आहे त्यावर ठरवा. ११ डिसेंबर २०२२ ला प्रजापती नगर ते सीताबर्डी ही मेट्रो सुरू झाली. पारडीच्या बाजूला उतरून प्रजापती नगर स्थानक गाठलं, की अग्रसेन चौक, रेल्वे स्टेशन, कॉटन मार्केट करत थेट बर्डी. वर चार पैसे जास्त लागतात, पण वेळ वाचतो आणि उन्हाळ्यात जीवही वाचतो. रोज मेट्रो परवडत नसेल तर जाताना मेट्रो आणि येताना, घाई नसते तेव्हा, गणेशपेठेतून एस.टी., असा मेळ घाला. शिवाय गणेशपेठेत गाडी रिकामी होते, त्यामुळे परतताना तिथून चढलं तर जागा मिळण्याची शक्यता जास्त.

चढता-उतरताना

चालत्या गाडीमागे धावू नका. दुसरी गाडी येते. पदर खोचून किंवा ओढणीला गाठ मारून चढा, कारण दारात अडकते ती तीच. पर्स समोर, पोटाशी धरा. मंगळसूत्र पदराआड असू द्या. तिकिटाचे सुटे पैसे वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवा, म्हणजे गर्दीत मोठी पर्स उघडावी लागत नाही. आता बऱ्याच कंडक्टरांच्या मशीनवर मोबाइलनंही पैसे देता येतात. उतरल्यावर गाडीच्या पुढून रस्ता ओलांडू नका. गाडी निघून जाऊ द्या, दोन्ही बाजूंनी रस्ता दिसू द्या, मग पाऊल टाका. हा महामार्ग आहे, ट्रक थांबत नाहीत.

गप्प बसू नका

गर्दीत कुणी मुद्दाम अंगाशी येत असेल तर आपण अंग चोरतो आणि उतरेपर्यंत दात आवळून उभ्या राहतो. तसं करू नका. "जरा सरकून उभे राहा," एवढं वाक्य मोठ्यानं म्हणा. सगळी गाडी वळून पाहते आणि तो माणूस बहुधा सरकतो. नाहीच सरकला तर कंडक्टरला सांगा, ११२ ला फोन लावा. स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूनं केलेल्या बळजोरीला भारतीय न्याय संहितेच्या ७४ व्या कलमात एक ते पाच वर्षांची कैद आहे. लाज वाटायचीच तर त्याला वाटू दे!

आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीला एका माणसानं गोड बोलून, गाडी पलीकडे लागली आहे असं सांगून, उभ्या असलेल्या रिकाम्या बसकडे नेलं आणि तिच्यावर अत्याचार केला. दोष तिचा अजिबात नव्हता. पण आपण शिकायचं ते हे: गाडी कुठं लागली हे चौकशीच्या खिडकीवरच विचारायचं. बसमध्ये दिवा नसेल, इतर प्रवासी नसतील, तर कुणीही कितीही आपुलकीनं सांगो, चढायचं नाही. आपल्या फलाटावर, चार बायका असतील तिथं थांबायचं.

घरच्यांशी बोला

संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर विसंबू नका. तिच्या आधीची तुमची, शेवटची अडीअडचणीसाठी. दोन्हींच्या वेळा एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. गाडीत बसल्यावर घरी एक फोन करा. शक्य असेल तर रोजच्या गाडीतल्या दोघी-तिघींशी ओळख करून घ्या. एखादीला उशीर झाला तर बाकीच्यांना कळतं, आणि ती ओळख पुढं अडीनडीला उपयोगी पडते.

घरच्यांची काळजी खोटी नसते, पण "जाऊ नकोस" हे तिचं उत्तर नाही. गाडीची वेळ, उतरायचं ठिकाण, सोबतिणींची नावं असं सगळं समोर मांडलं की बहुतेक सासूबाईंचाही विरोध मावळतो. आणि अर्ध्या तिकिटामुळे महिन्याला जे पैसे वाचतात, ते घरखर्चात विरघळू देऊ नका. पोस्टात आपल्या नावाच्या खात्यात टाका. तेवढे तरी आपले!