दुरुस्ती आधी आली होती

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम दीडशेहून अधिक देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतल्या संगणकांवरच्या फायली कुलूपबंद झाल्या, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. यातली सर्वांत क्लेशकारक गोष्ट म्हणजे विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिले होते. अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या चोराची खूण आणि संशयास्पद हालचाल हेरतो. अपडेट मात्र भिंतीतले भगदाडच बुजवते. म्हणून पहिला मान अपडेटचा, अँटिव्हायरस त्याच्या जोडीला.

अपडेटमधूनच धोका आला तर, असे कोणी विचारेल. शंका रास्त आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसला आणि थेट मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. पण घुसल्यावर पसरण्यासाठी त्याने चोरलेल्या पासवर्डांबरोबर तीच जुनी, न बुजवलेली फटही वापरली. तेव्हा औषध कधी बाधते म्हणून औषधच सोडणे शहाणपणाचे नाही. महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकापासून वेगळ्या डिस्कवर ठेवणे, हा अशा धोक्यावरचा खरा उपाय. आणि अपडेट घ्यायचे तर ते मिळत असायला हवे: विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आपल्या संगणकावर कोणते विंडोज आहे, ते आजच पाहा.