रविवारी मॅरेथॉन आणि गुरुवारी सर्दी! धावायचं की थांबायचं?

जानेवारीत टेंभुर्णीत पहाटे बोचरी थंडी असते, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि हवेत धूळ. याच दिवसांत पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेनं सराव करणाऱ्यांच्या डोक्यात मुंबई मॅरेथॉन असते. 42.195 किलोमीटरसाठी चार-पाच महिने घाम गाळायचा, कुर्डुवाडीहून रेल्वेचं तिकीट काढायचं आणि नेमकं गुरुवारी नाक गळायला लागतं. नोंदणीची फी बहुतेक स्पर्धांत परत मिळत नाही. मग करायचं काय?

आधी मान बघा

क्रीडावैद्यकात यासाठी एक साधा नियम वापरतात. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक गळणं, शिंका, घसा थोडा खवखवणं, तर हळूहळू धावून बघायला हरकत नाही. दहा मिनिटांत बरं वाटलं तर पुढे जा, डोकं ठणकायला लागलं तर घरी परत या.

त्रास मानेच्या खाली असेल, म्हणजे छातीत कफ, धाप, अंगदुखी, उलटी-जुलाब, तर धावू नका. ताप असेल तर विषयच संपला. साधी कणकण असली तरी.

ताप इतका गंभीर का? शरीराचं तापमान एका अंश सेल्सिअसनं वाढलं की नाडीचे ठोके मिनिटाला साधारण 10 नं वाढतात. म्हणजे धावण्याआधीच हृदयावर ताण. त्यात मुंबईची दमट हवा. त्याहून मोठा धोका मायोकार्डायटिसचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा. काही विषाणू हृदयापर्यंत पोहोचतात आणि अशा वेळी जोरदार व्यायाम केला तर ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. हे क्वचितच घडतं, पण धडधाकट तरुणांमध्येही घडतं.

सर्दी नेमकी आत्ताच का?

1987 च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर डेव्हिड नीमन यांनी धावपटूंची पाहणी केली. शर्यतीनंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी 12.9 टक्के जणांनी आजारी पडल्याचं सांगितलं. सराव करूनही शर्यतीत न उतरलेल्यांत हे प्रमाण 2.2 टक्के होतं. तेव्हापासून ‘जास्त धावलं की प्रतिकारशक्ती घटते’ हे वाक्य रूढ झालं. पण ही माहिती धावपटूंनी स्वतः सांगितलेली होती, प्रयोगशाळेत तपासलेली नव्हती. आज अनेक संशोधक गर्दी, प्रवास, अपुरी झोप आणि मानसिक ताण यांच्याकडेही तितकंच बोट दाखवतात. रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

गोळी घेऊन धावलं तर?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. पॅरासिटामॉलनं ताप उतरतो, आजार नाही. ‘ताप नाही’ हे गोळी न घेताच ठरवायचं असतं. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं लांब पल्ल्याच्या शर्यतीत, घामानं पाणी कमी झालेलं असताना, मूत्रपिंडावर ताण आणतात. अँटिबायोटिक तर विषाणूवर चालतच नाही.

सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. सिडनी ऑलिंपिकमध्ये, 2000 साली, रोमानियाची जिम्नॅस्ट आंद्रेआ रादुकान हिचं सुवर्णपदक याच घटकामुळे काढून घेतलं गेलं. गोळी तिला संघाच्या डॉक्टरांनीच दिली होती. आजही स्पर्धेदरम्यान लघवीत ते ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आढळलं तर कारवाई होते. हौशी धावपटूची चाचणी सहसा होत नाही, पण हे औषध ठोके वाढवतं, ते कुणाच्याही.

काढा, वाफ, हळदीचं दूध? घशाला आराम पडतो, पोटात पाणीही जातं. विषाणू मात्र त्यानं मरत नाही. साध्या सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि ती पूर्ण जायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणजे गुरुवारची सर्दी रविवारपर्यंत ओसरू लागलेली असू शकते. तोवर सराव बंद ठेवला तरी फिटनेस कुठे जात नाही. चार दिवसांत तो ना वाढतो, ना घटतो.

रविवारी उभं राहायचंच ठरलं, तर वेळेचं लक्ष्य सोडून द्यावं लागतं. वाटेत छातीत दुखलं, धडधड झाली किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत केंद्र गाठायचं. आणि घरी आल्यावर चार पायऱ्या चढताना दम लागत असेल, तर पुढच्या सरावाआधी ईसीजी काढून घ्यायचा.