भांगेत तुळस

वाईट कुळात चांगला माणूस निपजला म्हणजे आपण ‘भांगेत तुळस’ असे म्हणतो; चांगल्या घरात दिवटे चिरंजीव निघाले की तीच म्हण उलटी फिरवतो. म्हणजे भांग वाईट, हा निकाल आपल्या भाषेने केव्हाच देऊन टाकला आहे. आणि तरीही महाशिवरात्रीला तीच भांग शंकराची आवडती म्हणून मोठ्या भक्तीने घोटली जाते. एकाच झाडाविषयी समाजाची अशी दोन मते का व्हावीत? विषय निव्वळ कुतूहलाचा नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या मुलाला फेफरे येते. त्यांनी मला विचारले, “गांजाच्या झाडाचे तेल फेफऱ्यावर चालते म्हणतात, ते खरे का? की पोराला व्यसनच लागायचे?” या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचे तर मुळापासून सुरुवात केली पाहिजे.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने ती भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, आणि त्यांवरची चिकट राळ तो चरस. या जातीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादीला पराग मिळाले की ती बी धरते आणि राळ कमी होते. म्हणून गांजा पिकवणारे नर झाडे वेळीच ओळखून उपटून टाकीत. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातली गांजाची मुख्य लागवड अहमदनगर जिल्ह्यात होती. खोडाच्या सालीपासून बळकट वाखही निघतो. आपली अंबाडी मात्र निराळी. तिची पाने गांजाच्या पानांसारखी दिसतात म्हणून तिच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ शब्द आला, इतकेच. अंबाडीची भाजी खाणाऱ्यांनी बिनघोर राहावे!

या झाडाचा आपल्याकडचा इतिहास जुना आहे. अथर्ववेदात भंगेचे नाव येते. पाणिनीने तीळ, उडीद यांच्या शेताला काय म्हणावे हे सांगताना भंगेच्या शेतालाही शब्द दिला आहे. म्हणजे त्याच्या काळी ते रीतसर पीक होते. शार्ङ्गधराने तिला औषधी द्रव्यांत, अफूच्या पंक्तीला, बसवले. पुढे १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने भांगेवर एक स्वतंत्र संवाद लिहिला. त्यात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाची गोष्ट आहे. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान हिंडून यावेसे वाटले की आपण थोडी भांग घेतो, असे सुलतान सांगत असे. बसल्या जागी जगप्रवास! १८३९ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. ओशॉघ्नेसी यांनी धनुर्वात आणि आचके यांवर गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि ते औषध विलायतेला पोहोचवले. हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे घालणारे गृहस्थ ते हेच.

आता एका मोठ्या चौकशीची हकीकत सांगतो. गांजाने हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे भरली आहेत, अशी ओरड विलायतेत झाली आणि १८९३ साली पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला. सरकारने सात जणांचे कमिशन नेमले. त्यांत तीन सभासद भारतीय होते. कमिशनने ११९३ साक्षी घेतल्या. पण त्याचे खरे मोलाचे काम निराळे. वेड्यांच्या इस्पितळांतली दप्तरे त्याने एकेक प्रकरण घेऊन तपासली. १८९२ साली दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे नोंदले होते. खोलात शिरल्यावर टिकली ती ९८ प्रकरणे. आणि त्यांतही दुसरे काही कारण नाही अशी फक्त ६१. मग बाकीची आली कुठून? रोग्याला पोलीस घेऊन येत. ‘वेडाचे कारण’ हा रकाना रिकामा ठेवून चालत नसे. नातेवाइकांचा पत्ता नाही, रोग्याला सांगता येत नाही. मग लिहा ‘गांजा’! कारकुनाने लिहिलेला तोच शब्द पुढे वार्षिक अहवालात आकडा झाला आणि आकड्याचे पार्लमेंटात मत झाले. कमिशनने १८९४ साली निर्णय दिला की माफक सेवनाने बहुधा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि सरसकट बंदी नको. दोन भारतीय सभासदांनी मात्र आपले भिन्न मत नोंदवले. सरकारलाही या मालावर कर मिळत होता, हे आपण विसरू नये. तरीपण रकाना भरला म्हणजे कारण सापडले असे नव्हे, हा धडा आजही घेण्यासारखा आहे.

मद नेमका कशाने चढतो हे कळायला पुढे सत्तर वर्षे लागली. इस्राएलमधील रसायनशास्त्रज्ञ मेशूलाम यांनी पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो चरस मागून घेतला आणि तो बसमधून प्रयोगशाळेत आणला! १९६४ साली त्यांनी व गाओनी यांनी त्यातले मादक द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. त्याला थोडक्यात टीएचसी म्हणतात. १९८८ साली हे द्रव्य जिथे जाऊन बसते ती ग्रहणस्थाने मेंदूत सापडली. पण परक्या झाडाच्या किल्लीला बसणारे कुलूप आपल्या डोक्यात आले कसे? तर त्या कुलपाची घरचीच किल्ली आहे. १९९२ साली ती सापडली आणि शोधकांनी तिला संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून ‘आनंदामाइड’ हे नाव दिले. फरक एवढाच की घरची किल्ली काम होताच विरून जाते. टीएचसी तासन् तास ठाण मांडून बसते. ही स्थाने स्मरणाच्या आणि तोल सांभाळण्याच्या भागांत दाट आहेत. म्हणून भांग प्यालेल्याला बोलण्याचा धागा सापडत नाही आणि पाय लटपटतात. श्वास चालवणाऱ्या भागात ती विरळ आहेत. म्हणून अफूसारखा याने श्वास सहसा बंद पडत नाही. धुरातून मद मिनिटांत चढतो, पोटातून मात्र तासा-दोन तासांनी. ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारा सणाच्या दिवशी फसतो तो इथेच.

मग हे निरुपद्रवी का? नाही. कोवळ्या वयात रोज आणि जहाल माल ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो; घराण्यात तसा विकार असेल तर अधिकच. सेवन करणाऱ्यांपैकी दहांतल्या सुमारे एकाला ते सुटता सुटत नाही. शिवाय आजचा माल पूर्वीपेक्षा पुष्कळच तीव्र आहे. कायदाही ध्यानात ठेवावा. १९८५ च्या केंद्रीय कायद्याने गांजा आणि चरस यांना बंदी केली. शेंड्यांविरहित पाने आणि बी त्या व्याख्येतून वगळली, आणि भांगेचे नियमन राज्यांकडे राहिले. महाराष्ट्रात ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने या झाडाला सर्वांत कडक यादीतून काढले, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. पण याचा अर्थ मोकळीक मिळाली असा नव्हे.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. याच झाडात सीबीडी नावाचे दुसरे द्रव्य आहे. त्याने नशा येत नाही. २०१८ साली अमेरिकेत ते मुलांच्या दोन दुर्धर प्रकारच्या फेफऱ्यांवर औषध म्हणून मान्य झाले. झटके कमी होतात. सगळ्यांचे थांबत नाहीत. यकृतावर लक्ष ठेवावे लागते आणि इतर औषधांशी त्याची गाठ पडते. हे सारे मोजून मापून केलेल्या शुद्ध औषधाविषयी झाले. बाजारातल्या बाटलीत काय आणि किती आहे, हे तिच्या चिठ्ठीवरून ठरवता येत नाही. मी त्यांना म्हटले, “तेल खोटे नाही, पण चालू गोळी बंद करू नका, आणि पोराच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून एक थेंबही देऊ नका.” ते म्हणाले, “म्हणजे भांगेत तुळस आहे म्हणायची!” आहे खरी, पण ती पारखून, निवडून घ्यावी लागते.