पोकर स्पर्धेतील ‘ऑल-इन’ निर्णय : एक गणिती विवेचन

प्रस्तावना :
टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येक खेळाडूस प्रथम दोन गुप्त पत्ते मिळतात. नंतर मेजावर उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांना ‘फ्लॉप’ म्हणतात. फ्लॉपपूर्वीच जवळच्या सर्व चिप्स पणास लावणे, म्हणजेच ‘ऑल-इन’, हे वरकरणी धाडस वाटते. परंतु चिप्स थोड्या असताना हा निर्णय अपेक्षित मूल्याच्या साहाय्याने तपासता येतो.

चिप्सचे गणित :
समजा, अ, ब आणि क यांच्याजवळ प्रत्येकी १०,००० चिप्स आहेत. नियमानुसार अ ने ५०० व ब ने १,००० चिप्स आधीच लावल्या असून क ने डाव सोडला आहे. अ ने माघार घेतल्यास त्याच्याजवळ ९,५०० चिप्स उरतात. त्याने ऑल-इन केल्यास ब ३०% वेळा आव्हान स्वीकारतो व तेव्हा अ ३५% वेळा जिंकतो, असे गृहीत धरल्यास (बरोबरी वगळता) अपेक्षित मूल्य असे येते :

(०.७ × ११,०००) + (०.३ × ०.३५ × २०,०००) = ९,८००

पत्ते दुबळे असूनही ३०० चिप्सचा लाभ होतो. हा लाभ पत्त्यांचा नसून ब च्या माघारीचा आहे. ब ला मात्र २०,००० साठी आणखी ९,००० चिप्स घालाव्या लागतात. म्हणजे जिंकण्याची ४५% संभाव्यता त्याला पुरेशी ठरते.

बक्षिसाचे गणित :
स्पर्धेत चिप्सचे पैसे होत नाहीत. बक्षीस क्रमांकास मिळते. समजा, तिघांपैकी दोघांना प्रत्येकी १०० डॉलर मिळणार आहेत. डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये शर्यतीतील क्रमांकांची संभाव्यता काढण्याची रीत मांडली. मेसन मालमुथ यांनी १९८७ मध्ये पोकरसाठी तशीच रीत सुचविली. तीनुसार पहिल्या क्रमांकाची संभाव्यता चिप्सच्या प्रमाणात असते आणि पहिला वगळून उरलेल्यांत त्याच प्रमाणात दुसरा ठरतो.

ब ने माघार घेतल्यास त्याच्या ९,००० चिप्सचे मूल्य ६२.४ डॉलर येते. आव्हान स्वीकारून जिंकल्यास १००, हरल्यास शून्य. म्हणून आता त्याला ४५% नव्हे, तर ६२.४% संभाव्यता हवी.

अ ची स्थितीही बदलते. माघार घेतल्यास त्याचे मूल्य ६४.६ डॉलर आहे, तर पूर्वीच्याच गृहीतांवर ऑल-इनचे मूल्य ६०.० डॉलर होते. ब सावध राहून केवळ १०% वेळा आव्हान स्वीकारीत असेल, तर अ ची जिंकण्याची संभाव्यता ३०% धरूनही ते ६६.६ डॉलर होते. दोघे भिडल्यास एकजण बाद होतो आणि क ला काहीही न लावता १०० डॉलर निश्चित मिळतात. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ तो हाच.

निष्कर्ष :
स्पर्धेत गमावलेल्या चिप्सचे मूल्य तितक्याच कमावलेल्या चिप्सपेक्षा अधिक असते. त्यामुळे ऑल-इन करण्याचा व ते स्वीकारण्याचा निकष एकच नसतो. जे पत्ते पणास लावणे योग्य ठरते, त्याच पत्त्यांनी दुसऱ्याचे आव्हान स्वीकारणे चूक ठरू शकते. तसेच प्रतिस्पर्ध्यास हे गणित उमगले आहे की नाही, यावरही ऑल-इनची योग्यता अवलंबून राहते.