योगवर्ग आणि योगशिक्षक

२०१५ पासून दरवर्षी २१ जून रोजी योग दिन साजरा होतो व त्या निमित्ताने गावोगावी योगवर्ग सुरू होतात. ते पुढे टिकणे बहुतांशी शिक्षकावर अवलंबून असते. स्वतःस शीर्षासन उत्तम येते, एवढ्यावरून कोणी योगशिक्षक ठरत नाही. कोणास कोणते आसन देऊ नये, हे ज्यास उमगते तोच वर्ग घेण्यास पात्र होय. उच्च रक्तदाब, काचबिंदू अथवा मानेचा विकार असलेल्यांस शीर्षासन वर्ज्य समजावे. मणक्यातील चकती सरकलेल्यांस पश्चिमोत्तानासन देऊ नये. यास्तव पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या प्रकृतीची विचारपूस करावी, तीही एकांतात. चारचौघांत दुखणे सांगण्यास पुष्कळांना, विशेषतः स्त्रियांना, संकोच वाटतो.

वडोदऱ्यास माणिकरावांच्या तालमीत घडलेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचे शरीरावरील परिणाम प्रयोगाने तपासले. आसन सावकाश, हिसका न देता करावे, हा तेथील शिकवणीचा गाभा आहे. कवायतीप्रमाणे आकडे मोजून सर्वांस एकदम वाकविणे (शाळांतून हे सर्रास चालते) त्याच्या अगदी उलट होय.

वर्ग भोजनानंतर निदान तीन-चार तासांनी, शक्यतो सकाळी घ्यावा. पाऊण तासात सात-आठ आसने पुरेशी होतात. पुढे वाकण्याच्या आसनानंतर थोडी विश्रांती देऊन भुजंगासनासारखे मागे वाकण्याचे आसन घ्यावे. एखाद्यास धाप लागली तर त्यास तेथेच थांबवावे. शेवटची सात-आठ मिनिटे शवासनासाठी राखून ठेवावीत. वेळ अपुरा पडला की नेमके तेच गाळले जाते.