जाळ्याखालचे पाऊल

व्हॉलीबॉलमध्ये दोन संघांच्या मधोमध जाळे असते. कबड्डीची झटापट नाही, फुटबॉलसारखी पायात पाय अडकण्याची भीती नाही. त्यामुळे पालकांना हा खेळ निर्धोक वाटतो. प्रत्यक्षात या खेळातील आकस्मिक दुखापतींमध्ये घोटा मुरगळणे सर्वांत पुढे आहे, आणि तो बहुधा मुरगळतो जाळ्यापाशीच.

स्मॅश मारणारा खेळाडू धावत येऊन उडी घेतो. धावेच्या वेगाने त्याचे पाऊल पुढे, मध्यरेषेवर उतरते. समोरचा ब्लॉक करणारा सरळ वर उडालेला असतो. त्याची नजर चेंडूवर, आणि खाली येतो तो नेमका त्या पावलावर. तळपाय आत वळतो व घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. पावलाचा काही भाग रेषेवर वा रेषेच्या वर असेल, तर ते पलीकडे जाणे नियमातही बसते. चूक कोणाचीच नसते. घोटा मात्र जातो.

घरी आंबेहळदीचा लेप लागतो, आठवडाभरात सूज ओसरते आणि सामना जवळ आला म्हणून मूल पुन्हा मैदानावर जाते. खरा धोका इथे आहे. सूज उतरली म्हणजे अस्थिबंध भरून आला असे नव्हे. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता पुढील सहा ते बारा महिने विशेष असते. दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबताच कळ येत असेल, तर लेपावर न विसंबता डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रेची गरज तपासून घ्यावी.

या काळासाठी ब्रेस असतो. एक प्रकार लेसने आवळायचा, जाड कापडाचा. दुसरा दोन्ही बाजूंना कडक प्लास्टिकच्या पट्ट्या असलेला. दोन्ही प्रकार पाऊल आत वळणे रोखतात, पण उडीसाठी लागणारी वर-खाली हालचाल बऱ्याच अंशी मोकळी ठेवतात. औषधांच्या दुकानात मिळणारा साधा लवचीक मोजा हे काम करीत नाही. ब्रेस मोज्यावरून, बुटाच्या आत घालायचा असतो. म्हणून खरेदीला जाताना खेळाचे बूट सोबत न्यावेत. आयुष्यभर माल पारखून घेणारी माणसे मुलाच्या पायाची वस्तू मात्र अंदाजाने आणतात, हे नवल आहे.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १४६० शालेय बास्केटबॉलपटूंचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लेसचे ब्रेस वापरणाऱ्यांत घोट्याच्या दुखापती इतरांच्या सुमारे एक-तृतीयांश आढळल्या. दुखापतीची तीव्रता मात्र कमी झाली नाही. झालेली इजा तितकीच गंभीर होती.

नॉर्वेतील व्हॉलीबॉल संघांनी १९९० च्या दशकात वेगळी वाट धरली. उडी व उतरण्याचे तंत्र आणि डगमगत्या फळीवर एका पायाने तोल सांभाळण्याचा सराव त्यांनी खेळाडूंना दिला; घोटे मुरगळण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. म्हणून ब्रेस बांधलेल्या मुलालाही हा सराव चुकवू देऊ नये. फळी नसेल, तर भिंतीजवळ एका पायावर उभे राहून चेंडू झेलण्यापासून आरंभ करता येतो.